मीच बोलतेय

३ मार्च

आले एकदाची. सामान अजून खोक्यांतच आहे, पण चहाचं भांडं आणि ही वही हाताशी आहे, तेवढं पुरे. पहिला मजला, दोन खोल्या, सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. खाली शिंप्याचं दुकान आहे. त्याचं मशीन दिवसभर खडखडतं आणि मला ते आवडलं. सगळी नोकरी इस्पितळाच्या टेलिफोनवर गेली माझी. शांतता सोसत नाही.

निवृत्त झाल्यापासून धाकट्या बहिणीकडे राहत होते. मागच्या महिन्यात भाजी निवडता निवडता ती बोलून गेली, की ताई, तुला आता एकटीला जमायचं नाही. सहज बोलली, म्हणूनच लागलं. एक घाव दोन तुकडे. घर शोधलं आणि निघाले. आता तिचं नवं टुमणं, की तुझं दार ओढलं की आपोआप बंद होतं, तेव्हा एक किल्ली खाली शिंप्याकडे ठेव. मी फोनवर सांगून टाकलं, बरी आहे मी, कुणी यायची गरज नाही.

११ मार्च

घरी जावई आला. लग्नाचा खर्च न करता.

वाण्याच्या दुकानात चिठ्ठी डकवलेली होती, मोठा बोलका पोपट चांगल्या घरी द्यायचा आहे. फोन केला तर एका बाईने उचलला. आवाज पस्तिशीतला, झोप न झालेला. पोपट तिच्या आईचा, आई वारली. घरात कोण कोण असतं, कुणी येतं-जातं का, एवढंच तिने विचारलं. मी एकटी, आणि कुणी येत-जात नाही म्हटल्यावर दुपारच्या आत पिंजरा घेऊन हजर. पिंजऱ्यावर चादर घातलेली. ती तिने उचलली नाही, घरात पाऊल टाकलं नाही, चहालाही थांबली नाही. आईचा एवढा लाडका जीव, पण निघताना त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मनात म्हटलं, पोटची पोरं ती हीच.

चादर मी काढली. कावळ्याहून थोराड, राखाडी अंग, शेपूट लालभडक. छातीवरची पिसं स्वतःच उपटून काढलेली. मानपानात काहीतरी कमी पडल्यासारखा माझ्याकडे बघत होता. म्हणून नाव जावईबापू.

१९ मार्च

इतके दिवस रुसून बसले होते, दाण्याला शिवत नव्हते. आज अक्रोड फोडून पुढे धरला आणि मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. चोच आली, अलगद घेऊन गेली. मग डोकं खाली घालून मान खाजवायला दिली. पिसांखाली ती मान एवढीशी असते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

आता बोलतो. आधी किटलीची शिट्टी, मग सपाता फरफटत गेल्याचा आवाज, मग एक म्हातारी: ‘बरी आहे मी, झोपलेय, उद्या ये.’ वय पंचाहत्तरच्या पुढे, दात बसवलेले, स्वभाव करडा. आवाजावरून माणूस ओळखायची माझी खोड काही जात नाही. त्या बाईचं नि माझं झकास जमलं असतं.

२ एप्रिल

सकाळी त्याने माझ्या बोटावर चावलेले दाणे ओकले. आजारी पडला म्हणून घाबरून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. डॉक्टर हसले. म्हणाले, ठणठणीत आहे, तुम्हाला घास भरवतोय. हे पक्षी एकाच माणसाला धरतात आणि मग दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत. जन्मात मला कुणी घास भरवला नव्हता. भरवला तो असा.

संध्याकाळी धाकटी आली होती. तिने कौतुकाने बोट पुढे केलं आणि त्याने कडकडून चावा घेतला. मी फडकं बांधलं, चार शब्द हळहळीचे बोलले. पण वहीत खोटं कशाला लिहू, आतून बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी बाजू घेतली होती. जाताना तिने पुन्हा किल्लीचं काढलं. पालथ्या घड्यावर पाणी.

१४ एप्रिल

फोन वाजला. मी पोचायच्या आत जावईबापू म्हणाले, ‘मीच बोलतेय.’ ही माझी फोनवरची जुनी सवय. इस्पितळातल्या मुली माझी नक्कल करायच्या. पण त्या नक्कल करायच्या. हा माझाच आवाज होता. मग लगेच पुढचं, ‘बरी आहे मी. कुणी यायची गरज नाही.’ जन्मभर लोकांचे आवाज पारखले आणि स्वतःचा इतका कडू आहे हे आज कळलं.

दुपारी जिन्यात शिंपी भेटला. म्हणाला, मावशी, काल पडद्यांचं माप घ्यायला वर आलो तर तुम्ही आतूनच नको म्हणालात. काल त्या वेळी मी बाजारात होते. दोघं पोट धरून हसलो.

२७ एप्रिल

आज हसू आलं नाही.

मी दवाखान्यात रांगेत बसले असताना धाकटी न कळवता आली, सकाळची बस धरून, डबा घेऊन. दार वाजवलं. आतून तिला सांगण्यात आलं, की बरी आहे मी, कुणी यायची गरज नाही. ती पायरीवर बसून राहिली आणि परत गेली. फोनवर तिचा आवाज बसलेला होता. पोपट म्हणाला गं ते, मी परोपरीने सांगितलं. ती म्हणाली, लहानपणापासून ऐकतेय तुझा आवाज, मला शिकवू नकोस. शेवटी कुत्सितपणे म्हणाली, पुढच्या वेळी दारातूनच विचारीन, ताई, तू आहेस की तो.

रागावून त्याला पिंजऱ्यात बंद केलं. त्याने छातीचं एक पीस उपटून खाली टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग दुसरं. मी दार उघडून दिलं.

५ मे

आज दुपारी त्याने सगळं ओळीने म्हटलं. आजवर तुकडे ऐकवायचा.

सपाता. काहीतरी जड पडल्याचा आवाज. बराच वेळ कण्हणं. मग म्हातारीचा बारीक, फाटलेला आवाज: ‘पाणी... दार...’ मग दारावर थापा, आणि बाहेरून मुलीची हाक, ‘आई, दार उघड ना.’ हा आवाज मी फोनवर ऐकलाय. त्यावर म्हातारी खणखणीत, ‘बरी आहे मी, झोपलेय, उद्या ये.’

ज्या घशातून ‘पाणी’ निघत नव्हतं त्यातून ते खणखणीत बोलणं कसं निघेल? एका मिनिटात माणसाचा आवाज असा भरून येत नाही. दोघं होती त्या घरात. एक जमिनीवर, एक दांडीवर.

त्यानंतर पुन्हा थापा. पुन्हा ‘उद्या ये.’ पुन्हा थापा. मध्ये बारीक आवाज, दर वेळी आणखी बारीक.

६ मे

त्या बाईला फोन केला. ऐकलं ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, आमचं भांडण झालं होतं, मला वाटलं आई अजून रागावलीये. रोज जात होते मी. तिचाच आवाज होता.

मला का दिलास, विचारलं. म्हणाली, मारायचा धीर झाला नाही. आणि तुम्हीच म्हणालात ना, तुमच्याकडे कुणी येत-जात नाही. मग तो दारातून परत पाठवणार कुणाला?



८ मे

डॉक्टरांकडे सोडून यायचं ठरवून पिंजऱ्यावर चादर घातली. आतून त्याने मान खाजवून घेताना काढतो तो आवाज काढला. चादर काढून ठेवली.

त्याला नाही घालवणार. पण किल्ली शिंप्याकडे देईन. धाकटीला फोन करून तसं सांगितलंही. ती रडली. मीही. उद्या सकाळीच खाली जाते.

९ मे

पडले. किल्ली घेऊन दाराकडेच निघाले होते. हा जमिनीवर चालत पायात आला, त्याच्यावर पाय पडू नये म्हणून मी बाजूला—

खुब्याचं हाड असणार. हलता येत नाही. स्टूल ओढताना ही वही अंगावर पडली, पेन्सिल आत होती. फोन ओट्यावर. किल्ली कपाटाखाली घरंगळली.

खाली मशीन चालू आहे. ओरडून घसा गेला.

दुपार

मशीन थांबलं. मी हाक मारली. त्याच वेळी याने किटलीची शिट्टी वाजवली, कान फाटतील अशी.

शिंपी वर आला तरी. मावशी, काही पडलं का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, पडलेय. मलाच ऐकू आलं नाही. आणि याने—

माझ्याहून खणखणीत.

शिंपी बरं म्हणाला आणि उतरला.

नंतर

तहान. अक्रोड आणून ओठांशी ठेवलाय त्याने. गालाला चोच घासतो. प्रेमाने. हेच तर— प्रेमानेच करतोय.

फोन वाजतोय. वाजून थांबतो, परत वाजतो. धाकटी असणार. दर वेळी हा सांगतो, मीच बोलतेय.

उजाडलंय

जिन्यात चपला. तिच्याच. मी ओळखते.

थापा मारतेय. ताई. ताई.

विचारलं तिने. विचारलं. तू आहेस की तो—

मी ओरडले. नुसती हवा.

तो चालत दारापाशी गेला. वळून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, मीच बोलतेय. बरी आहे मी.

ती विचारतेय, नक्की ना ताई. रडतेय. किल्लीचं बोललीस ते मनापासून ना, म्हणतेय—

कुणी यायची गरज नाही, म्हणाला.

पायऱ्या उतरतेय. हळू. अजून जिन्यातच आहे. फेकायला जवळ ही वही तेवढी आहे. दारावर आदळली तर ऐकू—