पमाताईंची हजेरी

२२ जानेवारी २०१३

आज तेरावा दिवस. तेरा दिवस झाले, मी बाई आहे!

कुठंतरी लिहून टाकायला हवं, नाहीतर डोकं फुटेल. पमाला, म्हणजे माझ्या बायकोला, नोव्हेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "कळतंय त्यांना सगळं, फक्त जीभ वळत नाही," असं डॉक्टर म्हणाले. फक्त! अहो, जुन्या शहरात शहागंजात होतो तेव्हा दूधवाला तिच्या तोंडाला लागायला नको म्हणून माप जास्त घालून पळायचा. तिची जीभ वळत नाही!

तिची इंटरनेटवर एक मंडळी होती. 'ओसरी' नावाचा ब्लॉग. चाळीसएक माणसं रोज सकाळी तिथं जमतात. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. चहा घेता घेता लिहितात – नाश्त्याला काय केलं, कुणाचा गुडघा धरला, कुणाची सून रुसली. ह्याला म्हणायचं 'हजेरी'. मी तिला हसायचो. रिकामटेकड्यांची कचेरी म्हणायचो.

दहा तारखेला तिचा लॅपटॉप उघडला तो एवढं कळवायला, की बाई आजारी आहे, आता येणार नाही. तर समोर दोन महिन्यांचे निरोप! "पमाताई, कुठं आहात?" "ताई, रुसलात का?" पुण्याची कुणी स्वरदा, तिनं तर लिहिलेलं, "तुमच्याशिवाय चहा पाणचट लागतो हो." मी टाइप केलं, 'कळविण्यास खेद होतो की' – कचेरीत तीस वर्षं हेच केलं – आणि बोट अडलं. खोडलं. लिहिलं, "आले गं बायांनो, आले! जरा तब्येत नरम होती."

दहा मिनिटांत सव्वीस जणांनी या या म्हटलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला एकोणीस होते. त्यातले चार भजी खाऊन गेले.

२३ जानेवारी

पंचेचाळीस प्रतिक्रिया!

२९ जानेवारी

ओसरीवर नवा नियम झाला. आमच्यामुळंच. "ताई दोन महिने गायब, आणि पत्ता कुणाकडंच नाही! आता ज्याची तीन दिवस हजेरी नाही, त्याच्या घरी जवळच्या सभासदानं जाऊन यायचं." सगळ्यांनी पत्ते दिले. मीही दिला. फ्लॅट नंबर, मजला, बीड बायपासवरची खूण, पिनकोडसकट! कारकुनाचा हात. अर्ज दिसला की भरायचा. पाठवून झाल्यावर कळलं, आता कुणीही येऊन दार वाजवेल.

३ फेब्रुवारी

सकाळचा क्रम ठरलाय. पमाला पुसून घेतो, केस विंचरतो, पेज भरवतो. मग संध्या येते – फिजिओथेरपीची पोरगी, मुकुंदवाडीहून स्कूटीवर. ती पमाचे हातपाय हलवते तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात, दार लोटून, ओसरीवर.

नळाला पाणी नाही. ह्या भागात पाइपच आला नाही अजून, शहराबाहेरचा हा सातारा परिसर म्हणे विकसित होतोय. टँकर आठवड्यातून दोनदा, तोही मनात आलं तर. लिफ्ट बंद. शेजारी सात मजल्यांची बिल्डिंग उठतेय, आमच्या गॅलरीतलं ऊन तिनं गिळलं. माणसाला प्यायला थेंब नाही आणि सिमेंटला न्हाऊ घालतायत! हेच सगळं पमाच्या नावानं लिहिलं. "इथं सिमेंटचे लाड चाललेत, रोज दोनदा आंघोळ! आम्ही आपले पावडर लावून गंधगोळी." लोक हसून बेजार. एकानं लिहिलं, "पमाताई आजारातून उठल्यापासून जास्तच फॉर्मात आहेत."

मी! फॉर्मात!

घराबाहेर पडायची सोय नाही, हिला एकटं टाकता येत नाही. मुलगा सुयश बेंगळुरूहून रविवारी फोन करतो, "सगळं ठीक ना?" विचारतो आणि ठीक म्हणायच्या आत ठेवतो. शहागंज सोडून इथं फ्लॅट घेतला हा माझाच शहाणपणा. ओळखीचं कुत्रं नाही इथं.

११ फेब्रुवारी

आज मेलोच होतो! स्वरदानं काल विचारलं होतं, "ताई, तुमच्या कृतीनं केलेलं येसर आहे अजून. चौघांच्या आमटीला किती घालू?" हे मसाल्याचं पीठ किती घालतात, मला काय ठाऊक? मी आयुष्यात आमटी फक्त ओरपली. लिहिलं, "दोन वाट्या. सढळ हातानं."

आज तिची प्रतिक्रिया: "ताई, पातेल्यात डाव उभा राहिला! नवरा म्हणतो सुरीनं वड्या पाड."

दोन चमचे घालायचे असतात म्हणे. दोन चमचे! कपाळावर हात मारला. मग सुचलं. लिहिलं, "अगं, ही मराठवाड्याची दुष्काळी आमटी. पाण्याचाच पत्ता नाही, पातळ कशानं करणार?"

साठ प्रतिक्रिया. लोक दिवसभर हसत होते. खुलताबादच्या सर्जेराव गुरुजींनी लिहिलं, "ताई, लई दिवसांनी असं पोट धरून हसलो. गावात हसायला काय राह्यलं नाय. देव तुमाला शंभर वर्षं देवो."

मी पण हसलो. मोठ्यानं. आतल्या खोलीत पमा जागी होती.

२० फेब्रुवारी

संध्या म्हणाली, "काका, काकूंचा डावा हात मस्त आलाय. त्यांचा लॅपटॉप द्या ना त्यांना. एकेक अक्षर दाबतील. बोलता नाय आलं तरी लिहून सांगतील काय हवं नको."

मी म्हटलं, "बिघडलाय."

"मग दुरुस्तीला टाका की, काका."

"बघू."

४ मार्च

पमानं आज डाव्या हाताचं बोट कपाटावर दाखवलं. तिथं लॅपटॉपची पिशवी. मला लगेच कळलं. मी म्हटलं, "ऊन येतंय का? पडदा ओढू?" ऊन! ऊन त्या बिल्डिंगमागं गेलं त्याला महिना झाला.

बोट तसंच. मी पडदा ओढला. तिनं डोळे मिटले.

मी हलकट माणूस आहे. हे शाईनं लिहून ठेवतो. तिच्या हातात लॅपटॉप दिला तर ती पहिल्यांदा ओसरी उघडणार, आणि तिथं दोन महिने ती स्वतःच बसलेली दिसणार – विनोद करत, आमट्या बिघडवत. मग मी कुठं जाऊ? पस्तीस वर्षं ह्या घरात ती बोलली आणि मी पेपर वाचला. बोलायला मला आत्ता कुठं येतंय, आणि ते तिच्या तोंडानं.

उद्या सांगतो तिला. नक्की.

५ मार्च

नाही सांगितलं.

१३ मार्च

स्वरदा येतेय! सात एप्रिलला, नवऱ्याबरोबर. "वेरूळ निमित्त, खरं म्हणजे तुम्हालाच बघायचंय." लगेच सर्जेरावांनी लिहिलं, "मी बी येतो. खुलताबादहून तास बी लागत नाय. इतक्या जवळ असून ताईचं तोंड पाह्यलं नाय, लाज वाटती."

मी लिहिलं, "या हो, पण पाण्याचे हाल आहेत. पाहुण्याला तांब्या पुढं करायची सोय नाही."

वाटलं, गप्प बसतील. स्वरदा म्हणते, "पाण्याचे चार जार गाडीत टाकून आणते. तुम्ही फक्त बसा समोर!"

ह्या प्रेमाचं करायचं काय? शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो.

२७ मार्च

धुळवड. खाली पोरं कोरडा रंग खेळली. पमाच्या कपाळाला बोटभर गुलाल लावला. तिनं माझा हात धरला आणि तोंडानं काहीतरी जुळवायला लागली. "ल… ल…" पाच मिनिटं. घामाघूम झाली. मी म्हटलं, "राहू दे गं, दमशील."

खरं तर ऐकायचंच नव्हतं.

४ एप्रिल

ठरलं. ओसरी बंद. खोटं आणखी वाढवायचं नाही, खरं सांगायची छाती नाही. तर मग गप्प बसायचं. आज हजेरी दिली नाही. लोक दोन दिवस विचारतील, विसरतील. तीन दिवसांचा नियम आहे खरा, पण बेचाळीस डिग्रीत कोण येतंय मरायला?

६ एप्रिल

एकशे दहा निरोप. स्वरदानं लिहिलंय, "ताई, आम्ही उद्याचं येणं पुढं ढकलतो, पण बऱ्या आहात एवढं तरी कळवा."

झाकण लावलं.

८ एप्रिल

ते आले.

अकराच्या सुमारास दार वाजलं. भोकातून बघितलं. साठीचा माणूस, डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात कापडी पिशवी, जिने चढून धापा टाकतोय. "पमाताई! ओ पमाताई! मी सर्जेराव, ओसरीवरचा! खुलताबादहून आलोय!"

मी श्वास रोखून उभा. स्वतःच्याच घरात, चोरासारखा.

आणि आतून टण्! टण्! पमा. उशाजवळचा स्टीलचा पेला डाव्या हातात धरून खाटेच्या दांड्यावर आपटत होती. धावलो. "पाणी हवंय ना? थांब, थांब, देतो." पेला काढून घेतला, भरला, तिच्या ओठांना लावला. तिनं दात घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गाऊनवर. पुन्हा हात उचलला तिनं. मी तो हात धरला.

बाहेर सर्जेराव म्हणत होते, "हाये ना कुणी आत? ताई आजारी हायती का? बरं… बसतो जरा पायरीवर. घाई नाय."

अर्धा तास बसला तो माणूस. अर्धा तास मी पमाचा एकुलता एक चालता हात धरून ठेवला. ती माझ्याकडं बघत होती. मी बघत होतो गळ्यावरच्या ओल्या डागाकडं.

तहान लागली असणार तिला. उकाडा किती आहे.

९ एप्रिल

दाराबाहेर पिशवी होती. शेवग्याच्या शेंगा, चिंचेचा गोळा, आणि दोन लिटरची बाटली, पाण्यानं भरलेली. ज्याच्या गावात टँकरमागं बायका धावतात, त्यानं उन्हातून, एस.टी.तून, माझ्यासाठी पाणी आणलं! नाही. तिच्यासाठी आणलं.

ओसरी उघडून बघितली. सर्जेरावांनी लिहिलंय, "जाऊन आलो. आतून आवाज येत होता. दार नाय उघडलं. कायतरी अडचण असंल ताईची. कुणी वाईट वाटून घ्यायचं नाय."

शेंगांची आमटी केली. येसर दोन चमचे. पमानं खाल्ली नाही.

११ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली. पमानं माझ्याकडं बघितलं नाही.

१३ एप्रिल

संध्या म्हणाली, "काका, उद्या मी नाय येणार, जयंती आहे, आमच्याकडं लई गडबड असते." जाताना चपला घालता घालता थांबली. "काकू पाच दिवस झाले तुमच्या हातचं नीट खात नायत. काय झालंय?"

"उन्हाळा," म्हटलं.

"नाय काका. उन्हाळा मला पण आहे."

ती गेल्यावर लॅपटॉप उघडून बसलो. 'मी अनंतराव. प्रमोदिनीचा नवरा.' एवढं लिहिलं. पुढं काय लिहू? की तुम्ही ज्या बाईवर माया करता ती खाटेवर मुकी पडलीये, आणि तिची माया मी चोरून खाल्ली? खोडलं.

१५ एप्रिल

संध्या व्यायाम घेत होती तेव्हाच टँकर आला. खाली दोन तास भांडणात गेले. कुणीतरी नळी पळवली, मग सोसायटीच्या तात्यासाहेबांनी भाषण ठोकलं. एरवी जिना चढताना मनात सगळं रचत यायचो, ओसरीवर कसं सांगायचं ते. आज पण रचलं. दारात येऊन आठवलं, सांगायला कुणी नाही.

आत खाटेवर पमा पडली होती. कुणी नाही काय! पण तिला सांगायला तोंड उघडलंच नाही माझं.

ही वही आज तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर सापडली. मी कपड्यांच्या घडीखाली ठेवतो. घाईत राहिली असेल.

१८ एप्रिल

मी पमा. डावा हात. अक्षर वाकडं येतं.

वही मी बोटानं दाखवली, संध्यानं पानं उलटली. मी सगळी वाचली. तीन दिवस लागले.

तिथं छान बोलता तुम्ही. माझ्याशी असं कधी बोलला नाहीत.

ओसरीवर मी लिहिलं. संध्याच्या फोनवरून. खरं काय ते सगळं.

रविवारी स्वरदा, सर्जेराव येतायत. तुम्हाला पण भेटायचंय म्हणतात.

पाणी नको होतं मला. दार उघडा.