चूलबंद आवतणाविना लग्न

आबा, तुमच्या नातीचं लग्न झालं. इंदापूरच्या अलीकडं, महामार्गालगतच्या एका हॉटेलात. हॉटेल म्हटल्यावर तुमच्या कपाळावर आठी पडली असेल. पडू द्या, मलाही आधी पडली होती.

आपल्याकडं लग्न म्हणजे भावकीला चूलबंद आवतण, हा तुमचा नियम. लग्नघरी अख्खं घर जेवायला यायचं, कुणाकडंही चूल पेटायची नाही. माझ्या लग्नाला तुम्ही वडगावात दारोदार फिरून आवतण दिलंत. पुढारी आले नव्हते म्हणून मुहूर्त टळला, मग माइकवर सत्कार, फेटे, भाषणं. अंतरपाट धरलाय, मुंडावळ्यांतून मी तुम्हाला शोधतेय आणि तुम्ही कुठंच नाही. बुंदी कमी पडेल म्हणून तुम्ही मंडपामागं आचाऱ्याच्या डोक्यावर उभे. निघताना भेटलात ते हाताला बेसन लागलेलं. डोक्यावर हात ठेवायलाही संकोचलात. त्याचं मला फार वाईट वाटलं होतं.

म्हणून लेक जेव्हा म्हणाली की अक्षता पडताना तू आणि बाबा मला समोर दिसले पाहिजेत, बाकी काही नको, तेव्हा मला नाही म्हणवेना. हॉटेलच्या मॅनेजरला सांगितलं, घरचीच माणसं आहेत. तर तो विचारतो, घरची म्हणजे किती हजार? बिचारा बारामती-इंदापूरची लग्नं बघून पोळलेला. हॉलमध्ये मावतील तेवढीच, असं म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र टांगणीला लागला, कारण आता हे तात्यांना सांगायचं होतं.

तुमच्या मागं भावकीत थोरले तेच. एका लग्नात टॉवेल-टोपी उशिरा दिली म्हणून भर मंडपातून माघारी फिरलेले तुमचे धाकटे बंधू. ते रुसले तर भावकीतलं एक माणूस येणार नाही आणि लेकीच्या लग्नाला माहेर नाही, हे मला सोसलं नसतं. आमचे हे म्हणाले, तुझे चुलते, तूच जा. मी गेले. चूलबंद नाही, घरटी दोघंच, असं एका दमात सांगून टाकलं. तात्यांनी गोठ्याकडं बघत विचारलं,

"जेवण बसून हाय का हुबं ऱ्हाऊन?"

बसून, म्हटलं. ताट वाढून.

"अन् सत्कार?"

"कुणाचाच नाही तात्या. तुमचाबी नाही."

"बरं झालं. फेट्यानं टाळकं दुखतं माझं." मग म्हणाले, "तुज्या लग्नात अक्षता पडल्या तवा तुजा बा कढईपाशी उपरणं तोंडाला लावून रडत हुता. मी म्हनलं, जा की मांडवात. तर म्हनला, माणसं उपाशी ऱ्हातील."

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. परतीच्या एसटीत भवानीनगरपर्यंत पदर डोळ्यांना लावून बसले होते. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा भानावर आले.

लग्न वेळेवर लागलं. माइक नव्हता, भटजींचा स्वतःचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. आम्ही दोघं लेकीच्या समोर उभे होतो आणि ती आमच्याकडं बघून हसत होती. तात्यांनी पहिल्या पंगतीत गरम पुरणपोळी खाल्ली, वर आणखी मागितली. मला इतकं हलकं वाटत होतं की वाढणाऱ्या पोरींना काय हवं-नको विचारायचंही सुचलं नाही.

येणारा जो तो म्हणत होता, आज आबा असायला पाहिजे होते. मी मान डोलवत होते. पण आबा, तुम्ही असता तर हे लग्न असं झालंच नसतं. तुमच्या शब्दाबाहेर जायची माझी छाती नव्हती. त्या दिवशी, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, तुम्ही नाही आहात याचं मला जरासं बरं वाटलं. हे तुमच्या फोटोसमोर उभं राहून बोलायचं धाडस मला अजून होत नाही.