पहिल्या दिवशीची भाकरी

अण्णा, गेल्या आठवड्यात आईचा दहावा झाला. चार जण बोलले आणि चौघंही तुमच्याबद्दल बोलले.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं कौतुक करण्याची संधी आपल्याकडे कुणी सोडत नाही. प्रवरेच्या घाटावर मंडप, पांढऱ्या टोप्या, पुढे खुर्च्यांची रांग, मागे सतरंजीवर बायका. प्रवचन संपलं आणि माइक तुमच्या एका विद्यार्थ्याकडे गेला. आता दहाव्यांचं सूत्रसंचालन तोच करतो. तुमच्यासारखाच डोळे मिटून सुरुवात करतो, मध्येच थांबतो, आवाज खाली नेतो. तुमची नक्कल करतोय हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. म्हणाला, "गुरुजींच्या सावलीत ही माउली आयुष्यभर राहिली." झालं! पुढचा प्रत्येक जण त्या सावलीत जाऊन बसला. एकाला तुम्ही छडी मारली होती, दुसऱ्याला तुम्ही शाळेत परत आणलं होतं, तिसरा तर तुमच्या सायकलवर बोलला. मी सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मला तुमचा राग येत होता. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण आला.

तुम्ही बोलायचात छानच, ते मी कधी नाकारलं नाही. पंचक्रोशीत कुणीही गेलं की दहाव्याचा माइक तुमच्या हातात. पुढाऱ्यांची भाषणं लांबली, उन्हात म्हातारी माणसं कळवळायला लागली, की तुम्ही हळूच मागून त्यांचा सदरा ओढायचात. आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलं काहीतरी तुम्हाला सापडायचंच. दरवर्षी शेजाऱ्याचा बांध कोरून खाणारा तो म्हातारा आठवतो? तुम्ही म्हणालात, "मातीवर त्यांचं जिवापाड प्रेम होतं." पुढच्या रांगेतला शेजारी खोकत राहिला. घरी येऊन तुम्ही स्वतःच पोट धरून हसलात. आई मात्र हसली नाही. ती चुलीपुढे बसून म्हणाली, "तुमी दहाव्या दिवशी बोलता. त्यांच्या घरात पोरं पहिल्या दिवशी उपाशी हुती, ते कुनी सांगितलं का माइकावर?"

तुम्ही म्हणालात, "ते काय सांगायचं असतं?" आणि पेपर उघडलात.

तिचं काम माइकावर सांगण्यासारखं नव्हतंच. कुणाच्या घरी मयत झालं की तिथली चूल त्या दिवशी पेटत नाही, आणि रडून रडून पोटातली आग तर काही विझत नाही. ही बातमी आपल्या घरी आली की तुम्ही टोपी घालून बाहेर पडायचात आणि आई पिठाचा डबा खाली काढायची. माणसं स्मशानातून परतेपर्यंत तिची भाकरीची टोपली आणि पिठल्याचं भगुनं त्या दारात पोचलेलं असायचं. जात बघितली नाही, भांडण बघितलं नाही. ज्या बाईनं नळावर तिची घागर फेकून दिली होती, तिच्याही दारात गेली. घाईत थापलेल्या भाकरी, जाड, कडेला थोड्या करपलेल्या. पिठल्यात मिरची जास्त. मी कधी कधी सोबत जायचे. ती आत जाऊन टोपली ठेवायची आणि सगळीकडे एकच वाक्य बोलायची, "दोन घास खा. रडायला पन ताकद लागती." तुम्ही प्रत्येकासाठी नवं भाषण करायचात. तिचं मात्र एका वाक्यावर कुठल्याही घरात भागायचं.

आता असं कुणी करत नाही. आई गेली त्या दिवशी दादाच्या मित्रानं केटररला फोन केला आणि तासाभरात टेम्पोतून मसालेभात आला. सोबत कागदी ताटल्या, पाण्याच्या बाटल्या. चांगला होता भात, मी नावं ठेवणार नाही. वाढणाऱ्या माणसानं मला विचारलं, "ताई, कार्यक्रम कशाचा आहे?"

तर घाटावर तो शेवटचा माणूस तुमच्या सायकलवरून तुमच्या अक्षरावर आला, तेव्हा मी उठून दादाजवळ गेले. म्हटलं, मी बोलते. त्याचा चेहरा पडला. बायका दहाव्याला येतात, रडतात, निघून जातात. माइक धरत नाहीत. तो हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, असं करत न्हाईत इथं. तुमचं ते शहरात, सावेडीत ठीक हाय. लोकं काय म्हनतील?" बिचारा दहा दिवस दमला होता, त्याला अजून एक वाद नको होता. मीही मागे फिरले असते. पण आता माझ्या आईबद्दल एक शब्दही न बोलता हा मंडप उठणार, आणि पुन्हा तिच्या नावानं एवढी माणसं कधीच जमणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात मागून आवाज आला. तुमच्या बहिणीचा, आमच्या आत्याचा. गुडघे गेलेत तिचे, पण आवाज तोच. "बोलू दे रं तिला. माज्या भावाचं लई झालं आता."

मंडपात कुणीतरी हसलं. दादानं माइक दिला.

अण्णा, मी रोज साठ पोरांपुढे उभी राहून शिकवते, पण तिथं माइक दोन्ही हातांनी धरला. मी आधी आईचं नाव घेतलं, नुसतं नाव. तोपर्यंत ते कुणीच घेतलं नव्हतं. गुरुजींची पत्नी, माउली, मातोश्री, सगळं झालं होतं. मग बायकांकडे वळून विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी माझ्या आईची भाकरी आली होती?"

मग कोपऱ्यातली एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "आमच्याकडं आल्ती. मालक गेले तवा. लई जाड हुती, पर ऊन ऊन हुती." दुसरी म्हणाली, "पिठलं तिखटजाळ! माजा धाकटा पानी पीत बसला हुता." बायका हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग एकीचं दुसरी ऐकेना. घागर फेकणारीची सून उठली आणि म्हणाली, "सासूबाई मरेस्तोवर सांगायच्या, त्या बाईनं मला लाजवलं." पुढच्या खुर्च्यांवरची माणसं मान वळवून मागे बघत होती. पुढाऱ्यांना दुसऱ्या दहाव्याला जायचं होतं, ते गुपचूप निघून गेले. त्यांचा सदरा ओढायची गरज पडली नाही. मी माइक कधीच खाली ठेवला होता. तो दिवस तिचा झाला, अण्णा. मला फार बरं वाटलं.

पण एक गोष्ट मी तिथं बोलले नाही. बोलले असते तर हसणाऱ्या बायकांच्या माना खाली गेल्या असत्या. तुम्हाला ती माहीत असणं शक्य नाही, कारण ती तुम्ही गेलात त्याच दिवशीची, आणि दुपारीच तुम्हाला नेलं होतं. माणसं आंघोळी करून परतली, घर भरलं होतं, संध्याकाळ झाली आणि आपल्याकडे भाकरी आली नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. भाकरीचं ते होतच असतं, असं जो तो धरून चालला होता. ते आजवर कोण करत आलंय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दादा भुकेनं भिंतीला टेकून झोपला होता. आई उठली. आत्या म्हणाली, "कुठं निघालीस? आज उंबरा वलांडायचा नसतो." ती मागच्या दारानं शेजारच्या काकूंच्या घरी गेली. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे भाकरी थापल्याचा आवाज नेहमीसारखा येत नव्हता. थोड्या वेळानं ती टोपली घेऊन आली, पुढच्या दारानं, दुसऱ्याच्या घरात यावं तशी. टोपली आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "दोन घास खा. रडायला पन ताकद लागती."

तुमच्या दहाव्याला मोठमोठी माणसं बोलली होती. त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, कुणाला दाखवणार नाही. तुमच्या हाती पडलं तर तुम्ही ते तिथं चार माणसांत वाचून दाखवाल आणि आई चिडेल. पाठवता आलं असतं तर शेवटी तिला एक विचारायला सांगितलं असतं. आम्ही सगळे जेवलो त्या संध्याकाळी. ती जेवली होती का? मी बघितलंच नाही.