मोताळा, धामणगाव, पुन्हा मोताळा

बाबा, काल दुपारी धामणगाव बढ्याला एका दुकानाच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि एकदम तुमची एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आठवली. मी काय काम करतो ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. पॉलिटेक्निक अर्धवट टाकून पुण्याला गेलो, तेव्हा तुम्ही लोकांना सांगायचात, "पोरगा वायरी ओढते." तेव्हा ते खरंच होतं. आता मी आपल्याच भागातल्या एका लहान इंटरनेट कंपनीत आहे. गावोगावी बसवलेल्या राउटरांना वाटा सांगून ठेवायचं काम माझ्याकडे आहे.

तुम्हाला ते लगेच कळलं असतं. फोनमधून निघालेला निरोप सबंध जात नाही, त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर कुठं जायचं तो पत्ता असतो. राउटर पत्ता वाचतो आणि तुकडा पुढच्या राउटरच्या हाती देतो. सगळा रस्ता कुणालाच पाठ नसतो. पत्ता अगदीच अनोळखी निघाला, तर तुकडा मोठ्या राउटरकडे लोटायचा, तो बघेल. तुकडा पोचेलच असा शब्दही कुणी देत नाही. पोचला की नाही ते दोन टोकांवरच्यांनी एकमेकांना विचारायचं आणि नसला पोचला तर पुन्हा पाठवायचा.

अजून डोळ्यांसमोर आहे : बुलडाण्याच्या स्टँडवर तुम्ही खिडकीत बसलेले आहात. हिवरा आश्रमाला निघालेली एक म्हातारी गजातून हात घालून तुमची बाही ओढते आहे. "मावशी, चिखलीच्या गाडीत बसा. तिथं खिडकीवर मेहकरच्या गाडीचं इचारा."

"अन् मंग?"

"मंग तिथला माणूस सांगन."

"तुले माहीत नाही काय बे? पगार कायचा घेतं?"

"मले चिखलीपर्यंतचाच पगार आहे, मावशी."

सगळे हसले, म्हातारीही हसली आणि चिखलीच्या गाडीत जाऊन बसली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला तुमची लाज वाटली. वाटलं, नुसती टोलवाटोलवी करता. त्याच दिवशी तुम्ही चहाला गेलात तेव्हा खिडकीवर आलेल्या एकाला मी म्हणालो, "ज्या कंडक्टरनं इकडं पाठवलं, त्यालाच जाऊन विचारा." तुम्ही मागून ऐकलंत. चार लोकांसमोर म्हणालात, "ज्यानं तुयाकडं धाडला, त्याच्याचकडं परत काऊन धाडतं? तुले माहीत नसंन तर मोठ्या स्टँडचं नाव सांग. पण मांगं धाडू नको. माणूस फिरत राहते अन् गाडी निघून जाते."

काल नेमकं तेच झालं होतं. धामणगावात नवीन जोडण्या दिल्या, पण त्यांचे पत्ते तिथल्या राउटरवर मी लिहिलेच नाहीत. मला वाटलं, मोताळ्याचं काम बघणारा आमचा पोरगा लिहील. त्याला वाटलं, मी लिहीन. मोताळ्याचा राउटर तुकडा धामणगावला देत होता. धामणगावच्याला पत्ता ओळखू येईना, म्हणून तो मोठा राउटर समजून मोताळ्याकडेच परत लोटत होता. पडद्यावर ओळी उमटत गेल्या : मोताळा, धामणगाव, मोताळा, धामणगाव. असं कायम चालत नाही. प्रत्येक तुकड्यावर एक आकडा असतो, प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो आणि शून्य झालं की ज्याच्या हातात असेल तो राउटर तुकडा टाकून देतो. दुकानदार विचारत होता, "भाऊ, काय झालं? होईन ना चालू?" मी त्याच ओळी पुन्हा वाचत होतो.

डॉक्टरांनी तुम्हाला ऑपरेशनसाठी औरंगाबादला न्यायला सांगितलं, तेव्हा तुम्ही मला पुण्याला फोन केलात. "काय करू, सांग." मी म्हणालो, "ताईला विचारा, ती जवळ आहे." तुम्ही चिखलीला ताईला विचारलंत. ती म्हणाली, "भाऊले इचारा, घरचा पोरगा आहे." तुम्ही पुन्हा मला फोन केलात, मग पुन्हा तिला. औरंगाबादच्या साऱ्या गाड्या तुम्हाला तोंडपाठ होत्या, त्यातली एकही तुम्ही धरली नाहीत. गाडीची माहिती तुम्हाला नकोच होती. आमच्यापैकी कुणीतरी "चला" म्हणायला हवं होतं. तुम्हाला स्मशानात पोचवून आलो, तेव्हा अंगणात ताई मला म्हणाली, "मले वाटलं तू सांगितलं असंन." मी म्हणालो, "मला वाटलं तू." त्यानंतर आम्ही हा विषय काढलेला नाही. राखीला ती येते, दोघंही आईशीच बोलतो.

मान राखायच्या नादात असं झालं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. मोठी बहीण आहे, तिला डावलून कसं बोलायचं. तिच्यापुरतं ते खरं असेलही.

काल पत्ते लिहिले, दुकानदाराचं इंटरनेट चालू झालं, त्यानं चहा पाजला. आज सकाळी ताईचा फोन आला. आईच्या गळ्याला गाठ आहे. बुलडाण्याचे डॉक्टर म्हणतात, अकोल्याला नेऊन तपासून घ्या. "तू म्हणशीन तसं करू," ताई म्हणाली. मी म्हणालो, "थोड्या वेळात सांगतो." आई शेजारीच असावी, भांड्यांचा आवाज येत होता.

काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. सोमवारी सकाळी अकोल्याला, रजा मी काढतो. ताईच्या होकाराची वाट बघायचीही गरज नाही. पण मी "चला" म्हटलं आणि तिथं काही वाईट निघालं, तर ते माझ्या शब्दावरून निघालेलं असेल. तुमच्या वेळीही मला हेच वाटलं होतं, बाबा. मान वगैरे काही नव्हतं. तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावरच गेला असतात, तर लोक माझं नाव घेतील याची मला भीती होती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ते बसलो तेव्हाच माहीत होतं. एवढं लांबवून लिहिलं, कारण जोवर लिहितो आहे तोवर ताईला फोन करावा लागत नाही.