देवी डाक्तर सडकेवरूनच परत गेला

पौष शु. ४, शके १८५८
देवी डाक्तर आल्ता म्हणे. सडकेवरच्या गावात ओसरीवर बसला, तिथली पोरं टोचली, जेवला, गेला. आम्हाला कळलं ते मागून. आमच्या गावाला गाडीवाट न्हाई ना.
खालच्या अंगाला देवीची साथ सुरू झालीय. माझी चंपा दीड वर्षाची, अजून टोचलेली न्हाई. गयाचा, म्हणजे धाकट्या जाऊचा, भागवत चार वर्षांचा. तोही कोराच.

पौष शु. ९
तालुक्याला जाऊन आलो. मी, गया, शेजारची हमीदाबी, तिघींची पोरं, अन् सोबतीला हे. सडकेपर्यंत पायी, पुढं कापसाच्या गाडीत. डाक्तरनं मान वर केली न्हाई. "तुमच्याकडचा दौरा झाला. लस संपली."
"आमच्या गावात कुणी आलंच न्हाई, साहेब."
"सडकेवर या म्हणून सांगितलं होतं. तुम्ही खेड्याचे लोक देवीला भिता, पोरं लपवता, अन् मग आमच्या नावानं ओरडता."
पोरं कडेवर घेऊन त्याच्या पायरीशी उभ्या होतो. तरी आम्ही लपवतो!
हे म्हणाले, चला. परतताना गया बोलली ते खरं. "अक्का, सारा वसूल करायला येतेत तवा बरी वाट सापडती त्येंला?"

पौष व. २
हमीदाबीची बहीण नाल्यापल्याड दिलीय, वऱ्हाडात. इंग्रजाचा मुलूख. नाला म्हणजे काय, लुगडं जरा वर धरलं की पार. पण त्या काठी देवी डाक्तर गावोगाव फिरतो, दारात येऊन टोचतो. ह्या काठी आम्ही मोगलाईतले, निजामाचे.
हमीदाबी म्हणे, "चलो ना जी. मेरे बहन का गाँव है, कौन पूछता?"
भाऊजी, गयाचा नवरा, नको म्हणत होते. परमुलूख, काही लचांड होईल. आत्याबाईंनी लेकाला गप्प केलं. "देवीनं माझा डोळा नेला तवा टोचणारं कुनी न्हवतं. आता हाय तर जाऊ दे तिला." सासूच्या तोंडून हे ऐकीन असं वाटलं न्हवतं.

पौष व. ५
चंपाला टोचलं. हमीदाबीच्या पोरालाही. भागवत राहिला.
लिहवत न्हाई. तरी…
हमीदाबीच्या बहिणीनं सांगून ठेवल्तं, ही सगळी आमच्याच गावची. डाक्तर म्हातारा, मऊ बोलणारा. चंपा रडली तर तिच्या गालावर हात फिरवला. भागवतची पाळी आली. त्याला बोलण्यात गुंतवायला म्हणून विचारलं, "कुठलं रे गाव तुझं, पाटील?"
भागवतनं घडाघडा सांगितलं. गाव, तालुका, बापाचं नाव. गयानंच पाठ करून घेतलंय, राजूरच्या जत्रेत हरवला तर असावं म्हणून.
डाक्तरचा हात थांबला. "बाई, हे मोगलाईतलं पोर. इथली लस इथल्यांनाच पुरत न्हाई. उद्या मला जाब विचारतील." गयानं पाय धरले. त्यानं पाय मागं घेतले, पेटी मिटली. वाईट त्यालाही वाटलं असेल. वाटून काय.
नाला ओलांडताना भागवत विचारत होता, "आई, म्या बराबर सांगितलं ना?"
"बिलकुल बराबर, राजा."

पौष व. १३
चंपाच्या दंडावर फोड चांगला धरलाय. गया पाहायला आली. दंड हातात घेतला, "छान आलाय" म्हणाली, उठून गेली. तेव्हापासून चंपाला लांब बाह्यांचं झबलं घालते. ऊन असलं तरी.

माघ शु. १०
गावात देवी. सुताराची पोरगी गेली. हे म्हणतात, चंपाला घेऊन जालन्याला माहेरी जा. कशाला? तिला धोका न्हाई हे मला ठाऊक आहे. गयालाही ठाऊक आहे, तेच जड जातं.

माघ व. १
भागवत तापला. अंगभर फुटलं. उंबऱ्यावर लिंबाचे डहाळे, घरात फोडणी बंद. आत्याबाई त्याच्या उशाशी बसून आहेत.

माघ व. १२
वाचला. ताप उतरला, खपल्या धरल्या. डोळे…
"आई, दिवा लाव," म्हणाला. भर दुपार होती.

फाल्गुन शु. ६
गया विहिरीवर भेटली. किती दिवसांनी तोंड उघडलं. "अक्का, खोटं शिकवाया पायजे होतं का मी?"
तिची घागर मी उचलून दिली, एवढंच.

फाल्गुन व. ३
तालुक्याचा देवी डाक्तर आला! गावात! साथ सरल्यावर. तट्टूवर बसून, बरोबर शिपाई. राहिलेली पोरं पारावर टोचली, अन् निघाला.
मी म्हटलं, "वर डोंगरावर तांडा आहे, तिथं कुणीच टोचलेलं न्हाई."
"त्यांना खाली यायला सांगा. पुढच्या दौऱ्यात पाहू."
गया घरातून आली. पदर खोचलेला. भागवतला आत्याबाईंच्या मांडीवर ठेवून आल्ती. सरळ जाऊन तिनं तट्टूचा लगाम धरला.
"वर चला."
"सोड, बाई. ऊन झालंय."
"तिथं बी लेकरं हायेत. चला."
शिपाई ओरडला. भाऊजी धावले, हे समजावून राह्यलेत. हमीदाबी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. गया कुणाकडं बघत न्हाई, लगाम सोडत न्हाई. तिच्यासाठी पाणी न्यायला घरात आले, तेवढ्यात हे लिहिलं. बाहेर आवाज वाढलाय. जाते.