सांडव्यावरची पाटी

भाऊ, आज मंगळवार, दुपारचे सव्वातीन वाजले आहेत. तुमच्या तलावाच्या सांडव्याशेजारी निंबाच्या सावलीत पत्र्याची पाटी वाळते आहे आणि रंग धरेपर्यंत मला दुसरं काम नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. पाटीच्या वरच्या ओळीत तुमचं नाव आहे, ते काल मीच लिहिलं, तुमच्या चौकीदाराच्या मुलानं. दादाला, म्हणजे तुमच्या मुलाला, बडनेऱ्यातल्या रंगाच्या दुकानातून माझा नंबर मिळाला. मी कोणाचा कोण हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

नाल्यावर मातीचा बांध तुम्ही घातला तो संत्र्याच्या बागेसाठी. मग पायडलच्या दोन बोटी आल्या आणि अमरावती-अकोल्याचे पाहुणे येऊ लागले. अजून डोळ्यांसमोर आहे. रविवार आहे, बांधाच्या माथ्यावर रोडग्यांची, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पार्टी आहे, गोवऱ्यांचा आर करायला पाहुणे बांधाच्याच मातीत खड्डे खणतात. सोमवारी माझे वडील घमेल्यानं ते खड्डे भरतात, धुम्मस मारून माती दाबतात, आणि तुम्ही म्हणता, "राहू दे बे, पाहुण्यायले पुन्हा खंदा लागते." उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोटी गाळात टेकायच्या. म्हणून जास्तीचं पाणी जायची जी एकच वाट, त्या सांडव्यावर तुम्ही दोन फुटांची विटांची भिंत घ्यायला लावली. वडील हात जोडून म्हणाले, "भाऊ, हे नका करू. पूर आला तं पाणी बांधावरून जाईन. मातीचा बांध हाय." तुम्ही सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलंत, "तुले पगार मी देतो का पाणी देते?" सगळे हसले. वांग्याच्या भाजीची प्लेट धरून उभी असलेली एक बाईही हसली. वडीलही हसले, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

त्याच दिवशी तुम्ही मला बोटीचा उरलेला लाल रंग डब्यासकट दिलात. "अक्षर मस्त हाय रे तुयं. लिही, खोल पाणी, सांभाळा." माझ्या आयुष्यातली ती पहिली पाटी. आज ज्यावर माझं घर चालतं तो धंदा तुमच्या त्या डब्यातून निघाला, हे मी नाकारत नाही. पण त्यानं हिशेब फिटत नाही.

त्या श्रावणात दोन दिवस पावसाची झड लागली. वडील सकाळपासून सब्बल, म्हणजे पहार, घेऊन भिंत फोडत होते. दुपारपर्यंत अर्धी फुटली, पण तोवर पाण्यानं माथ्यावरचे रोडग्यांचे खड्डे गाठले होते. बांध तिथूनच गेला. खालच्या भाजीवाल्यांची वांगी, कोबी, पाण्याच्या मोटारी, सगळं गेलं. संध्याकाळी पारावर तुम्ही सांगितलंत, "चौकीदार पेऊन होता. त्यानंच सांडवा फोडला, म्हणून बांध गेला." माझ्या वडिलांनी कधी तंबाखूही खाल्ली नाही. पण त्यांच्या हातात सब्बल गावानं पाहिली होती. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला कोणी घोटभर चहा विचारला नाही. आम्ही बडनेऱ्याला आलो, वडील मालधक्क्यावर हमाली करू लागले, माझी शाळा आठवीत सुटली. तुमच्या अंत्ययात्रेला म्हणे रस्ता पुरला नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं की एक दिवस याच तलावावर परत येईन.

दादानं बांध नीट केला, हे खरं. लाइफ जॅकेट आणली, माथ्यावर चूल पेटवायला बंदी केली. पाटीवर तेच नियम लिहायचे होते, तेही काल लिहून झाले. पण आज सकाळी आलो तर सांडव्याजवळ विटांचा ढीग. मी मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, "दादानं सांडव्यावर दोन फूट भिंत घ्याले सांगतलं. उन्हाळ्यात बोटी टेकतात ना." तासभर बसलो. मग नियमांच्या खाली, लाल रंगात लिहिलं: सांडव्यावर भिंत बांधू नये. आधीच्या मालकांनी बांधली, म्हणून बांध फुटला. चौकीदार ती फोडत होता तो बांध वाचवण्यासाठी.

दादा आला. दोनदा वाचलं.

"हे कोणं लिहाले सांगतलं तुले?"

"कोणंच नाई."

"वर माया बापाचं नाव, अन् खाली हे? पूस ते."

"पुसतो. मंग दर रविवारी इथं उभा राहून तोंडानं सांगीन. त्याच चौकीदाराचा पोरगा हावो मी."

तो एक पाऊल पुढे आला. आता हात उचलतो असं मला वाटलं. पण तो विटांकडे वळला आणि हळू म्हणाला, "मी पाह्यलं होतं त्यायले. सकाळपासून एकटेच फोडून राह्यले होते."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बाप होता माया," तो म्हणाला. मग मिस्त्रीला ओरडला, "ओ मिस्त्री, ह्या विटा संडासाच्या कामाले न्या. इथं एकई नोका लावू."

तुमच्या मुलाच्या तोंडून ते निघालं, भाऊ. तुम्ही ते ऐकायला हवे होतात. नुसते ऐकायला नाही, त्या हसणाऱ्या पाहुण्यांसमोर मान खाली घालून उभे राहायला हवे होतात.

पाटीचा फोटो आईच्या फोनवर पाठवला. लगेच वडिलांचा फोन आला. "अक्षर बरं हाय. सांडवा मोकळा हाय ना?" मी हो म्हटलं. "मंग झालं," म्हणाले आणि ठेवून दिला. त्यांचं झालं. माझं झालेलं नाही.

हा कागद कुठे जायचा नाही, ब्रश पुसायला कामी येईल. म्हणून यात लिहून टाकतो. खालच्या लाल ओळींना प्रायमरवर रंगाचे तीन हात बसतील, आज एक, उद्या एक, परवा एक. तुमच्या नावाच्या जागी मात्र पत्र्याला मी प्रायमर लावलेला नाही. रंग पातळ व्हावा म्हणून टर्पेंटाइन मुद्दाम जास्त घातलं आणि हात एकच दिला. इथल्या दोन उन्हाळ्यांत तुमचं नाव उडून जाईल. असं काम मी आजवर कोणाचंही केलेलं नाही, आणि हे वडिलांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.