मानेवरचा हात

४ मार्च, मंगळवार

खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते – आज मला एका बाईचा हेवा वाटला. आणि काय पाहून? तर तिनं नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली!

नवरा फरश्या बसवणारा. पन्नाशीचा. दीड महिन्यापूर्वी लकवा झाला, डावी बाजू गेली. कालपासून आमच्या संन्यासिनींच्या संघाच्या रुग्णालयात माझ्याकडे व्यायामाला येतो. कॉलर सरळ झाली, आणि बाई हात तिथंच विसरली. त्याच्या मानेवर. ती बोलत होती दाराशी उभ्या असलेल्या मावशींशी, पाहतही तिकडेच होती. हात मात्र मानेवर. जणू तिच्याच घरातली खुर्ची.

दीक्षा घेऊन बावीस वर्षं झाली. रोज चौदा-पंधरा माणसांना मी हात लावते. गुडघे वाकवते, खांदे फिरवते, आखडलेली बोटं एकेक करून उघडते. मला कोणी लावत नाही. हे काही आज कळलं नाही. लागलं मात्र आज.

५ मार्च

वाटलं होतं, झोपून उठल्यावर जाईल. नाही गेलं.

७ मार्च, शुक्रवार

दीक्षेच्या वेळी थोरल्या ताई आम्हाला शिकवायच्या. आता त्या संघाच्या प्रमुख आहेत, रुग्णालयही त्याच चालवतात. म्हणायच्या, शरीर सुरुवातीला आरडाओरडा करतं, मग दमतं. खरंच दमलं. पस्तिशीनंतर 'त्या' गोष्टीचा मला फारसा त्रास झाला नाही. फुशारकी म्हणून लिहीत नाही, आहे ते असं आहे.

पण आपल्यावर खेकसणारं कोणी उरणार नाही, हे कुठं कोणी सांगितलं होतं?

आज ती त्याला म्हणाली, तोंड पूस, लाळ गळतेय, लहान आहेस का? इतकी तुसडी! आणि तो हसला, अर्ध्याच तोंडानं. माझ्याशी बावीस वर्षांत असं कोणी बोललेलं नाही. सगळे 'ताई, तुम्ही' करतात. आदर, आदर, आदर. आदरानं अंग गार पडतं.

१० मार्च, सोमवार

आज वाईट वागले. तिला बाहेर बसायला सांगितलं. म्हटलं, नियम आहे, नातेवाईकांनी आत थांबायचं नाही.

असा नियम नाही. तिच्या आधी एका म्हाताऱ्यांचा मुलगा तासभर आतच होता.

ती "बरं ताई" म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली. मी दार लावलं. खोलीत तो, मी आणि भिंतीवरचा मोठा आरसा. लाज वाटली, पण नंतर. आधी गोड वाटलं. क्रम हाच होता, बदलून लिहिणार नाही.

त्या माणसाबद्दल मला काही वाटतं का, हेही तपासून पाहिलं. नाही. तो मला नकोच आहे. तिचा तो हक्क हवा आहे.

१३ मार्च

आज त्याचा डावा हात खांद्यापर्यंत वर आला! शाबास म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, दाराकडे पाहिलं. तिला दाखवायचं होतं त्याला. मला कळलं. दार उघडायला दोन पावलं पुरली असती.

नाही उघडलं.

१४ मार्च

निघताना तिनं विचारलं, घरी काय काय करून घेऊ? मी म्हटलं, घाई नको, मी सांगेन तेव्हा.

शिकाऊ मुलींना मीच घोकायला लावते – आपला एक तास, घरचे तेवीस. घरच्यांना शिकवलं नाही तर आपली मेहनत पाण्यात. आणि मी हे करते आहे.

१८ मार्च, मंगळवार

पट्टी लावून त्याच्या हाताचा कोन मोजला. गेल्या गुरुवारी होता त्याहून कमी. बोटं जास्त घट्ट. त्यानं विचारलं, तुटक तुटक, पुन्हा कामावर जाईन ना? फरशीची पातळी हातानं कळते म्हणाला, डोळ्यांनी नाही.

मी म्हटलं, जाल की.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं जळतंय माझं, आणि चटके त्या बिचाऱ्याला.

१९ मार्च, बुधवार

आज ती न विचारता आत आली. दार ढकललं आणि आली. तो चालण्याच्या सरावाच्या दांड्या धरून उभा होता.

"ताई, माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, नाही. मग ती बोलायला लागली ते थांबेचना. चोवीस वर्षं लग्नाला झाली. त्यातली निम्मी तो परगावी कामावर. आला की जेवण, झोप, भांडण. हात धरणं वगैरे त्यांच्यात नव्हतंच. हा आजारी पडला आणि मग कुठं तिच्या हाताशी आला.

"महिना-दीड महिना मिळाला मला. मग तुम्ही दार लावलंत." आणि म्हणाली, "तुमच्याकडे हात वर होतो म्हणे. घरी मी धरला की दगड. खोटं कशाला बोलू, तुमच्यावर जळते मी."

माझ्यावर!

 त्याला नीट आधार दिला. तिला म्हटलं, असा नियम नाही. मी खोटं बोलले. का, ते सांगता आलं नाही. तिनंही विचारलं नाही. उपकार तिचे.

मग त्याला बसवलं आणि तिचा हात त्याच्या कोपराखाली नेऊन ठेवला. इथून धरा. ओढू नका, वाट बघा. त्याचा हात आला वर. सावकाश, थरथरत, पण आला.

२१ मार्च, शुक्रवार

थोरल्या ताईंना सगळं सांगितलं. त्यांच्या ऑफिसात, दुपारी. कॉलरपासून आजपर्यंत. वाटलं होतं रागावतील, बदली करतील, निदान महिनाभर मौन सांगतील.

त्यांनी एकच विचारलं. "हात मानेवर ठेवला म्हणजे कसा? दाखव."

मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. मी खुर्चीमागे गेले आणि त्यांच्या मानेवर हात ठेवला. माझ्या हाताखालून हजारो माना गेल्या असतील, इतकी कडक नव्हती कुठलीच. मी दाबलं नाही, चोळलं नाही. नुसता ठेवला. हळूहळू खांदे खाली आले. टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी वाजू दिला.

"तुम्हाला शिकवलं मी, शरीर दमतं म्हणून," त्या म्हणाल्या. "माझं कधीच दमलं नाही."

मग म्हणाल्या, पुरे. जा, तुझे रोगी खोळंबलेत.

२६ मार्च

फरशीवाल्याचा हात खांद्याच्या वर गेला. बायकोनं घरी रोज चार वेळा करून घेतलं. आज त्यांचं भांडण झालं, माझ्यासमोर, मोजे कुठले घालायचे यावरून. ऐकत उभी राहिले. अजून जळतं. कमी झालं असं लिहिणार नाही. दार मात्र उघडं ठेवते.

२९ मार्च, शनिवार

थोरल्या ताई संघ सोडून गेल्या. नाश्त्याच्या वेळी त्यांची चिठ्ठी वाचून दाखवली – व्रत परत करते आहे, कोणावर राग नाही, मला शोधू नका. वय त्रेसष्ट.

सगळ्याजणी रडल्या. मी नाही रडले. मला हेवा वाटला.